देवपुजारी सरांचं शून्य

"कसं काय सर?" असं कुणी विचारलं की देवपुजारी सर थांबायचे, खरोखर हिशेब मांडल्यासारखे आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "सरासरीत बरा." हे उत्तर त्यांनी प्राचार्यांना दिलं, भाजीवालीला दिलं आणि हर्नियाच्या ऑपरेशननंतर शुद्धीवर येता येता डॉक्टरांनाही दिलं. "उत्तम" हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. उत्तम म्हणजे कशाच्या मानाने, हे कळल्याशिवाय तो वापरू नये, असं त्यांचं मत होतं.

साठ सालाच्या आसपास मी यवतमाळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आले, तेव्हा सर तिथे गणित शिकवत होते. पन्नाशीला टेकलेले, उंच, किंचित वाकलेले. धोतरावर कोट, कोटाच्या खिशात खडूचे तुकडे. त्यांच्याकडे सायकल होती, पण तिच्यावर बसलेले ते फारसे कुणाला दिसले नाहीत. सायकल हातात धरून पायी चालायचे. बसलं की विचार तुटतो म्हणे. मग सायकल आणताच कशाला, असं मी एकदा विचारलं. "सवय आहे तिला," ते म्हणाले.

माझा वर्ग आणि त्यांचा वर्ग यांच्यामध्ये नुसता लाकडी पडदा होता. एका सकाळी मी मोठ्या ऐटीत उत्क्रांती शिकवत होते, "जो लायक तोच जगतो." तास संपला तसे सर दारात उभे.

"बाई, लायक कोण?"

"जो जगतो तो."

"आणि जगतो कोण?"

"जो लायक..." मी म्हणाले आणि थांबले.

"हे शास्त्र झालं की भोवरा?" सर हसले. हसताना त्यांचे खांदे हलायचे, आवाज यायचा नाही. "आकडे असतील ना याचे काही? आणून द्या मला."

आमच्या पुस्तकातली दोन-तीन समीकरणं मी त्यांना नेऊन दिली. ती मी आजवर पाठ करून निभावली होती, हे त्यांनी बहुधा पहिल्याच मिनिटाला ओळखलं. पण बोलले नाहीत. आठवड्याभरात त्यांनी मला माझाच विषय असा समजावून दिला, की मला नागपूरच्या माझ्या सगळ्या प्राध्यापकांचा राग आला. त्यांचं म्हणणं साधं होतं. एखादा गुण कितीही चांगला असो, निसर्ग त्याला शाबासकी देत नाही. तो गुण ज्याच्या अंगी आहे त्याला पिलं किती झाली, एवढंच पुढच्या पिढीत मोजलं जातं. "निसर्गाला चव नाही बाई. त्याला फक्त बेरीज येते."

तेव्हापासून या विषयाने सरांना धरलं ते धरलंच. घरी एक मडकं आलं, त्यात तूर आणि मूग अर्धेअर्धे. रोज संध्याकाळी चहा झाला की सरांच्या बायकोने, सुमतीकाकूंनी, डोळे मिटून त्यातून दहा दाणे काढायचे. त्यात जितकी तूर आणि जितके मूग येतील त्या प्रमाणात मडकं पुन्हा भरायचं, ही नवी पिढी. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा. न तूर लायक, न मूग नालायक. तरीही नुसत्या नशिबाने दोघांपैकी एक जात हळूहळू नाहीशी होते, हे सरांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. कागदावर त्यांनी ते सिद्ध केलंच होतं, पण काकूंच्या हाताने झाल्याशिवाय त्यांना ते पटत नव्हतं.

काकू म्हणजे ठेंगणी, गोरी, सतत कामात असलेली बाई. तोंड मात्र कामातही चालू.

"काहून हो, आज कोण मेलं?" मडक्यात हात घालून त्या विचारायच्या.

"मूग संपायला आले आहेत सुमन."

सुमन हे त्यांचं लाडाचं, फक्त मडक्यापुरतं नाव. इतर वेळी "अहो" आणि "ऐकलं का" यांवर दोघांचा संसार चालायचा. एके दिवशी मूग खरंच नामशेष झाले. सर आनंदाने मला बोलवायला आले. मी गेले तर काकू कमरेवर हात ठेवून उभ्या. "यांचे मूग मेले, ठीक आहे. पण निवडून ठेवलेल्या डाळीत मडक्यातलं उरलेलं रोज मूठ मूठ ओतून यांनी माझा डबा भेसळीचा करून ठेवला, त्याचं काय? आता महिनाभर खिचडीच खा म्हणा!" आणि महिनाभर त्या घरी खिचडीच होती. मीही खाल्ली. चांगली व्हायची. महिना संपला तसं मडकं पुन्हा अर्धंअर्धं भरून सुरू झालं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या घरात गेल्यावर ते लक्षात येत नसे. काकूंच्या दारव्ह्याच्या बहिणीची तिन्ही मुलं एकामागून एक त्यांच्याकडे राहून मॅट्रिक झाली. शेजारपाजारची पोरं तर मोजण्यापलीकडे. गावात कुणी बाळंत झालं की डिंकाचे लाडू काकूंनीच वळायचे, असा जणू नियम होता. लाडू पोचवायच्या, पण बारशाला पाळण्याजवळ जायच्या नाहीत. मागे दारापाशी बसायच्या. कुणी त्यांना तिथे बसवलं नव्हतं, आणि कुणी उठवून पुढेही नेलं नव्हतं.

सरांच्या फिरण्यातून एक दिवस दारव्हा रोडवरच्या बंजारा तांड्याच्या नाईकांशी त्यांची गाठ पडली. सकरू नाईक. पांढरा फेटा, दणकट बांधा, मराठी आमच्या वऱ्हाडातली, आपसात मात्र त्यांची गोरबोली. त्यांच्या आजा-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातलेला. आता सगळे शेतकरी. नाईकांना एकच घोर लागला होता. तांड्याची जनावरं वर्षावर्षाला लहान होत चालली होती.

"मास्तर, माया बापाचे बैल पाह्यले असते तं तुमी हात लावाले भेले असते," नाईक म्हणाले. "आता हे पाहा. शेळ्या वाटते. देवीचा कोप हाय का, काय हाय, काई समजून नाई राह्यलं."

"तुमच्या गाईंना वळू कोणता?"

"देवीच्या नावानं सोडतो ना आमी एक गोऱ्हा. तोच हिंडते कळपात."

"आणि सोडायचा कोणता, ते कसं ठरवता?"

नाईक जरा लाजले. "आता मास्तर, चांगला गोऱ्हा तं आमी बडवतो. नांगराले, बंडीले लागते ना. जो कामाचा नाई, तो सोडतो देवीले."

सरांनी सायकल झाडाला टेकवली आणि तिथेच धुळीत बसले. मला हे त्यांनी स्वतः सांगितलं, तेही कौतुकाने. पुस्तकातलं समीकरण त्यांना असं चार पायांवर चालताना आयुष्यात पहिल्यांदा दिसलं होतं. चांगल्या गोऱ्ह्याला खच्ची केलं की त्याचा वंश तिथेच संपला. आणि जो मरतुकडा म्हणून देवीच्या गळ्यात मारला, तो साऱ्या कळपाचा बाप झाला. सरांनी काडीने मातीत सगळं मांडून दाखवलं. नाईकांनी ते आदराने बघितलं आणि त्याच्यावर पाय न देता बाजूने निघून गेले.

त्या वर्षी नाईकांकडे एक देखणा गोऱ्हा होता, हिरा नावाचा. त्याला न बडवता सोडा म्हणून सर मागे लागले. नाईक ऐकेनात. त्यांचंही चुकत नव्हतं. नांगरासाठी हिऱ्याची जोडी ठरली होती. शेवटी एका बाजाराच्या दिवशी सर नाईकांना घरीच घेऊन आले. काकूंनी त्यांना स्वयंपाकघरात पाटावर बसवून वाढलं. त्या काळी आमच्या आळीला हे पचायला जड होतं, पण काकूंच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. जेवता जेवता सरांनी पुन्हा गणित काढलं. काकू भाकरी वाढत म्हणाल्या, "अहो, ते राहू द्या. नाईक, मी एक विचारते. देवीला नैवेद्य कोणी शिळा दाखवते का?"

नाईकांचा घास हातातच राहिला. हिरा त्या वर्षी देवीला सुटला. दोन-तीन वर्षांनी तांड्यावर जी वासरं उड्या मारायला लागली, ती बघायला सर मला आग्रहाने घेऊन गेले होते. "समीकरण माझं," ते म्हणाले, "पण उत्तर हिचं."

त्याच ओळखीतून शेवंता आली. नाईकांची धाकटी मुलगी, नऊ-दहा वर्षांची. तांड्यावर शाळा चौथीपर्यंत. नाईक तिला हाताला धरून घेऊन आले आणि सरांशी न बोलता थेट काकूंना म्हणाले, "बाई, मायी पोट्टी शिकतो म्हनते. तुमच्यापाशी ठेवता का?" काकूंनी तिचं डोकं बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "उवा आहेत का ग?" होत्या. त्या दुपारी रॉकेल आणि फणी घेऊन दोघी मागच्या अंगणात बसल्या, आणि शेवंता त्या घरची झाली.

आता त्या व्याख्यानाकडे यावं लागतं. चौसष्टच्या सुमाराचा गणेशोत्सव. आमच्याकडे उत्सवात व्याख्यानं व्हायची, आणि त्या वर्षी सरांना बोलावलं. विषय, "निसर्गाचं गणित". मैदान भरलेलं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. काकू नवीन लुगडं नेसून पुढच्या रांगेत, शेजारी शेवंता, मग मी. सर रंगले होते. फळ्यावर त्यांनी तीन घरं काढली. पहिल्या घरी चार मुलं, दुसऱ्या घरी दोन, तिसऱ्या घरी शून्य. "गुण कितीही असोत," सर म्हणाले, "पुढच्या पिढीत तिसऱ्या घराचा वाटा शून्य." आणि लोकांना जरा हसवावं म्हणून त्यांनी जोडलं, "उदाहरणार्थ, आमचं घर!"

मैदान हसलं. सरांना वाटलं आपण स्वतःची थट्टा केली. पण पुरुषांच्या बाजूची डोकी सगळी बायकांच्या बाजूला वळली होती. काकूही हसल्या. पदर सारखा केला, आरतीपर्यंत थांबल्या, स्वतः उठून प्रसाद वाटला. मी शेजारी होते म्हणून मला दिसलं, त्यांनी शेवंताचा हात जो धरला तो प्रसाद वाटायला उठेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांनी मडकं पुढे केलं. काकू म्हणाल्या, "तुम्हीच काढा, माझे हात ओले आहेत." त्यानंतर त्यांचे हात रोजच ओले राहू लागले. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, बोलणं कामापुरतं. ज्या घरात बाईचं तोंड कधी थांबलं नाही तिथे घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. महिनाभराने सर मला म्हणाले, "बाई, काकू मडक्यात हात घालत नाहीत. काय झालं असेल?"

मी सांगितलं. मला राग आला होता, म्हणून जरा खरमरीत सांगितलं.

"पण मी तर फक्त उदाहरण दिलं," सर गोंधळून म्हणाले.

"ते उदाहरण पुढच्या रांगेत बसलं होतं सर."

 दुसरा कुणी असता तर घरी जाऊन बायकोची समजूत काढून मोकळा झाला असता. सरांनी समीकरण दुरुस्त करायला घेतलं. काकूंच्या वाट्याला शून्य येतं, तर गणितातच काही राहून गेलं असलं पाहिजे, अशी त्यांची खात्री पटली. वर्षभर ते त्याच्यामागे होते. तास संपला तरी फळ्याजवळ उभे. इतका हुशार माणूस इतका खुळा असू शकतो, हे बघून मला त्यांची कीव यायची आणि हेवाही वाटायचा. माझ्यासाठी असं कुणी एखादं समीकरण मोडायला निघालं नव्हतं.

मग एकदा ते नागपूरला विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले आणि तिथे त्यांना परदेशातला एक नवा शोधनिबंध सापडला. तिथेच बसून त्यांनी तो हाताने उतरवून आणला. बसमधून उतरले ते तडक माझ्याकडे, "चला घरी." साक्षीदार पाहिजे होता त्यांना.

काकू चुलीपुढे होत्या. शेवंता विळीवर वांगी चिरत होती. सर उंबऱ्यातच उभे राहिले आणि खडूने दारावर लिहू लागले. "हे बघ. आपलं मूल म्हणजे आपला अर्धा वाटा. पण सख्ख्या बहिणीचं मूल, त्यातही आपला पाव वाटा असतोच! रक्त एकच ना. मग बहिणीच्या मुलाला जो वाढवतो त्याचा हिशेब शून्य कसा? मी एक पद सोडून दिलं होतं. तुझ्या बहिणीची तीन मुलं, म्हणजे पाव, पाव आणि पाव. पाऊण वाटा होतो तुझा. पाऊण!"

त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, आता झालं सगळं ठीक.

काकूंनी भाकरी उलटली. "आणि शेवंताचा किती?"

सरांचा खडू दारावर टेकलेला होता, तो तिथेच राहिला. शेवंताने मान वर केली.

"शेवंताशी आपलं रक्ताचं..." सर म्हणाले. खोटं त्यांना बोलता येत नव्हतं. "शेवंताचा शून्य येतो."

"मग राहू द्या तुमचं पाऊण." काकूंचा आवाज चढला नाही. "विषमज्वर झाला तेव्हा हिच्या उशाशी मी कितवा वाटा म्हणून बसली होती? बहिणीच्या पोरांनाही मी पाव-पाव करून वाढलं नाही कधी. पोटभर वाढलं. तुम्ही मले शून्य म्हणा, पाऊण म्हणा, दोन्ही सारखंच. मोजलं काहून, ते सांगा."

"मले" म्हणाल्या त्या. रागात माहेरची बोली आणखी दाट झाली.

सर दारावरचे आकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गणित बरोबर आहे. मी चुकलो." आणि कोटाच्या बाहीने त्यांनी दार पुसून काढलं.

"हे वर्षापूर्वीच म्हटलं असतं," काकू डोळ्याला पदर लावत म्हणाल्या, "तर नागपूरची खेप वाचली असती. बसा, भाकरी निवून राहिली." शेवंताला आधी हसू फुटलं, मग मला. सर मात्र बाहीवरची पांढरी भुकटी झटकत मुकाट्याने पाटावर बसले.

घर पुन्हा बोलतं झालं. तरी बारशाला काकू दारापाशीच बसत राहिल्या. ते सरांनाही दिसत होतं. पण त्यावर त्यांच्याकडे उपाय नव्हता, आणि आता ते तो शोधतही नव्हते.

शेवंता मॅट्रिक झाली. नाईकांनी तिचं लग्न ठरवलं ते शिकलेल्या मुलाशी, शाळामास्तराशी. आम्ही तिघं तांड्यावर गेलो. काकूंनी तिच्यासाठी साडी घेतली होती, पण वाटेतच मला बजावलं, "साडी तू दे बाई तिच्या हातात. तिची आई आहे, तिच्या चुलत्या-मावश्या आहेत. आपण मागे बसू. शुभकार्यात कशाला उगीच?" आणि खरंच, मांडवात न बसता त्या कडुलिंबाखाली जाऊन बसल्या.  सर त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले.

बंजाऱ्यांच्यात पाठवणीच्या वेळी नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहून गाते. माहेराला आशीर्वाद देते. सजवलेला बैल मांडवाबाहेर कडुलिंबाच्या बाजूला आणला, पण वाजंत्रीने तो बिचकायला लागला. तेव्हा नाईकांनी हाक मारली, "मास्तर, जरा दावं धरा!" जवळ उभा असलेला पुरुष तेवढाच, बाकीचे मांडवात. सरांनी पुढे होऊन दोन्ही हातांनी दावं धरलं. शेवंता कांचळी, म्हणजे त्यांची आरसे लावलेली चोळी, घातलेली, हात उंच करून बैलावर उभी राहिली आणि गायली. मग खाली उतरली, आणि तिचा ढावलो सुरू झाला. ढावलो म्हणजे नवरीचं गाऊन रडणं. एकेकाच्या गळ्यात पडायचं, नात्याने हाक मारायची आणि त्याने आपल्यासाठी काय केलं ते गाऊन सांगायचं. पहिल्यांदा ती आईच्या गळ्यात पडली. "याडी, ये याडी..." नाईक माझ्या शेजारी होते. म्हणाले, "याडी म्हंजे माय."

बापाच्या गळ्यात पडून झालं, भावांच्या झालं. शेवंता पदराआडून कुणाला तरी शोधत होती. तिच्या आईने ते ओळखलं. ती बाई तरातरा कडुलिंबाकडे गेली आणि काकूंच्या दंडाला धरून त्यांना ओढतच घेऊन आली. काकू "अग, मी नाही, मी नाही" म्हणत होत्या. शेवंताने त्यांच्या गळ्यात हात टाकले. आठ वर्षं जिला ती काकू म्हणत आली होती, तिला त्या गर्दीत, सगळ्या तांड्यासमोर, तिने हाक मारली, "याडी, ये याडी..." पुढचं सगळं गोरबोलीत होतं. नाईक मला एक-दोन शब्द सांगत आणि मग फेट्याच्या टोकाने डोळे पुसत. काकूंना त्यातला दुसरा शब्द कळत नव्हता. तो एक कळला होता, आणि त्या लहान मुलीसारख्या मोठ्याने रडत होत्या.

पुढच्या वर्षी माझी नागपूरला बदली झाली. सर नंतरही एक-दोनदा भेटले, पण मला ते तसेच आठवतात. त्या दोघींकडे तोंड करून उभे, चष्म्याखालून पाणी गालांवर आलेलं, आणि पुसायला हात मोकळे नाहीत, कारण दोन्ही हातांनी त्यांनी दावं घट्ट धरलेलं. बैल केव्हाचा शांत झाला होता. नाईक दोनदा म्हणाले, "मास्तर, सोडा आता. उभा राह्यते तो." सरांना ऐकूच आलं नाही.